देवाकडे आणि माणसांकडे पूर्ण लक्ष: ही एकच साधना आहे की दोन?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. मी नियमाने दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसतो. माझे कामही असे आहे की दिवसभर माणसे भेटायला येतात, आपापल्या अडचणी सांगतात आणि मी त्या नीट ऐकून घ्याव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट सतावते.

प्रार्थनेला बसलो की थोड्याच वेळात दिवसभरातली माणसे मनात गोळा होऊ लागतात: कोणाला उत्तर द्यायचे राहिले, कोण कशावरून रागावले असेल, उद्या कोणाकडे कोणता विषय काढायचा. ओठांवर स्तोत्र चालू असते, त्यातला एकही शब्द चुकत नाही, आणि तरीही शेवटच्या ओळीशी आल्यावर मधल्या ओळी म्हटल्या की नाही हे आठवत नाही. उलट माणसांसमोर बसलेलो असताना माझी मान डोलत असते, हुंकारही योग्य जागी जातो, पण आत माझे उत्तर तयार होत असते आणि समोरच्याचे बोलणे कधी संपते याची मी वाट पाहत असतो. कधी कधी तर कोणी डोळ्यांत पाणी आणून बोलत असते आणि मला आजची प्रार्थना राहिल्याची आठवण होते. प्रार्थनेत मात्र नेमका त्याच माणसाचा चेहरा समोर येतो.

म्हणून विचारतो. देवाकडे चित्त लावणे आणि माणसाकडे लक्ष देणे या दोन निराळ्या शक्ती आहेत की एकाच शक्तीचे दोन उपयोग? ती एकच असेल, तर आधी एका ठिकाणी कमवावी आणि मग दुसरीकडे वापरावी असा काही क्रम आहे का? आणि प्रार्थना चालू असतानाच कोणी गरजवंत आला तर उठावे की बसून राहावे? ‘मन एकाग्र करा’ हा सल्ला मला पुष्कळांनी दिलेला आहे. तो कसा अमलात आणायचा हे मात्र कोणी सांगितलेले नाही. आपापल्या परंपरेतून किंवा अनुभवातून कोणी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

एकतान यांचे उत्तर

आपल्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि बरीचशी निराशा तिच्यातूनच येते, असे मला वाटते. पूर्ण लक्ष म्हणजे एकदा लागले की शेवटपर्यंत न हलणारे लक्ष, अशी आपली कल्पना दिसते. असे लक्ष सामान्य माणसाला लाभत नाही. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच स्पष्ट लिहिले होते की प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष एका वेळी काही सेकंदांपेक्षा अधिक टिकत नाही. ज्याला आपण दीर्घकाळ टिकलेले लक्ष म्हणतो ते प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा परत आणलेले लक्ष असते. भटकणारे मन परत आणण्याची ही क्षमता त्याने विवेक, चारित्र्य आणि इच्छाशक्ती यांचे मूळ मानली होती. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर 2010 मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2250 प्रौढांना दिवसभरात मधूनच फोनवर गाठून, या क्षणी आपण काय करत आहात आणि आपले मन कोठे आहे, असे विचारले. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. तेव्हा आपली अवस्था जगावेगळी नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात हीच गोष्ट फार व्यवहारी भाषेत येते. चंचल मन जेथे जेथे म्हणून बाहेर पडेल तेथून तेथून त्याला आवरून पुन्हा आत्म्याशी आणावे, असे तो श्लोक सांगतो. मन बाहेर पडणारच नाही असे आश्वासन त्यात कोठेही नाही. ‘जेथे जेथे’ म्हणताना ते अनेकदा पडणार हे धरूनच चाललेले आहे. अर्जुनही पुढे तक्रार करतो की हे वाऱ्याला बांधण्याइतके कठीण आहे, आणि श्रीकृष्ण ती तक्रार खोडून न काढता अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. ज्ञानेश्वरांनी यावर केलेले विवेचन मला सर्वांत जवळचे वाटते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मनाची एक गोष्ट चांगली आहे: जेथे गोडी लागते तेथे ते सोकावते, म्हणून त्याला कौतुकाने अनुभवसुखच दाखवत जावे. मनाला दटावण्याचा मार्ग ते सुचवत नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या स्तोत्राविषयीही थोडे. पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियन याने इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्व्यांशी झालेले संवाद लिहून ठेवले आहेत. त्यांत त्याचा सोबती गेर्मानुस जवळजवळ आपलाच प्रश्न विचारतो: एक स्तोत्र म्हणताना मन दुसऱ्या स्तोत्राकडे पळते, तेथून तिसऱ्याकडे, आणि कोठेच ठरत नाही. आबा इसहाक नावाच्या वृद्ध तपस्व्याने त्यावर सांगितलेला उपाय म्हणजे बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा मला सोडवायला धाव अशा अर्थाची, एवढीच धरून ठेवायची. खाताना, चालताना, झोपताना, मोहाच्या क्षणी आणि आनंदाच्याही. नामस्मरणाची सवय असलेल्यांना यात परके काहीच वाटणार नाही. पाठांतर फार झाले की जीभ एकटीच काम करू लागते आणि मनाला सुटी मिळते. म्हणून आपण काही काळ मजकूर कमी करून पाहावा असे मी सुचवेन.

प्रार्थनेत जी माणसे आठवतात त्यांना हाकलण्याची गरज नाही आणि त्यांच्यामागे जाण्याचीही नाही. चेहरा आला की त्याचे नाव मनात घ्यावे, ते देवापुढे ठेवावे आणि पुन्हा ओळीवर यावे. माणसांसमोर बसलेले असताना हेच परतणे थोडे धीराचे असते, कारण तेथे साक्षीदार असतो. मन भरकटल्याचे लक्षात आले तर ‘माझे लक्ष क्षणभर निसटले, मघाचे पुन्हा सांगाल का?’ असे सरळ म्हणावे. ऐकल्याचे सोंग केल्याने जितका अपमान होतो तितका या एका वाक्याने होत नाही.

कोरडा पाषाण यांचे उत्तर

मी देव मानत नाही, त्यामुळे प्रश्नाच्या अर्ध्या भागावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माणसांच्या भागाविषयी मात्र दोन गोष्टी सांगता येतील.

सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. आपण एकामागून एक माणसे भेटत असाल आणि मध्ये श्वास घ्यायलाही फट ठेवत नसाल, तर चौथ्या माणसाशी बोलताना पहिले तिघेही समोर बसलेले असणारच. दोन भेटींच्या मध्ये आधीच्या माणसाबाबत पुढे काय करायचे ते एका ओळीत लिहून टाकावे आणि मगच दुसऱ्याला आत बोलवावे. याला भक्ती लागत नाही, वेळापत्रक लागते.

दुसरी गोष्ट उत्तर तयार करण्याविषयी. ही सवय बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच लागते, कारण आपण उपयोगी पडावे असे आपल्याला वाटत असते. पण अडचण सांगणाऱ्या पुष्कळांना त्या क्षणी तोडगा नको असतो, आणि ज्यांना तो हवा असतो त्यांचे मूळ दुखणे बहुधा बोलण्याच्या उत्तरार्धात बाहेर येते. पहिल्या दोन वाक्यांवर बेतलेले उत्तर म्हणूनच चुकीच्या प्रश्नाचे ठरते. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगावे आणि ‘असेच ना?’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणेपर्यंत स्वतःचे मत देऊ नये. असे करायचे ठरवले की ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ओवी यांचे उत्तर

कोरडा पाषाण यांचा सल्ला आस्तिकांनीही घ्यावा असाच आहे. मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण ‘उठावे की बसून राहावे’ याला निरनिराळ्या धर्मपरंपरांनी दिलेली उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी एकमेकांजवळ जातात.

हदीसमध्ये पैगंबर मुहम्मद यांचे म्हणणे नोंदलेले आहे की नमाज लांबवावी अशा इच्छेने ते उभे राहत, पण एखाद्या मुलाचे रडणे कानी आले की ती आखडती घेत, कारण त्या मुलाच्या आईची होणारी तगमग त्यांना नको असे. येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की वेदीपाशी अर्पण आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग परत यावे. पुंडलिकाची कथा तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, पण ती केवळ मातृपितृभक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातले लक्षाचे अंग महत्त्वाचे वाटते. देव दारात आल्यावरही पुंडलिक आईवडिलांपासून उठत नाही. तो देवाला उभे राहण्यापुरती वीट देतो, थांबायला सांगतो, आणि देव थांबतो. देवाला थांबता येते हे त्याने ओळखले होते. वृद्ध आईवडिलांना त्या घटकेला थांबता येत नव्हते.

नमाज आखडती घेतली तरी सोडलेली नाही, अर्पण वेदीपाशीच ठेवलेले आहे आणि माणूस तेथे परत येणार आहे, पुंडलिकाने देवाला परत पाठवलेले नाही. तेव्हा जे थांबू शकत नाही त्याच्याकडे आधी जावे, पण परतण्याची जागा राखून ठेवावी, असा अर्थ मी घेते. कोणीही केव्हाही यावे आणि प्रार्थना मोडावी असा त्याचा अर्थ होत नाही. तासाभराने सांगितले तरी चालेल असे काम असेल तर ‘तासाभराने या, तेव्हा मी पूर्ण तुमचाच असेन’ असे म्हणण्यात काहीच गैर नाही.

याची दुसरी बाजू मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने स्वतःच्या आयुष्यातून लिहून ठेवली आहे. धार्मिक भावावेशात सकाळ घालवल्यानंतर एक अनोळखी तरुण त्यांना भेटायला आला. बूबर त्याच्याशी आपुलकीने वागले, मोकळेपणाने बोलले, इतरांना देत तितकेच लक्ष त्यालाही दिले. फक्त मनाने ते तेथे नव्हते, आणि त्या तरुणाने जे प्रश्न तोंडाने विचारले नाहीत ते ओळखायचे राहून गेले. पुढे तो तरुण या जगात नाही हे त्यांना कळले, आणि त्या दिवशी तो सहज गप्पा मारायला नव्हे तर आयुष्याचा निर्णय घेण्यासाठी आला होता हेही कळले. रोजच्या जगण्यापासून उचलून वेगळे नेणारा धार्मिक अनुभव त्यानंतर आपण सोडून दिला, असे ते सांगतात. उंबरठा यांनी वर्णन केलेले ‘योग्य जागी हुंकार’ देणारे ऐकणे ते हेच. त्यात शिष्टाचाराची काहीच उणीव नसते, म्हणून तर ते पकडता येत नाही.

उंबरठा

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. ‘असेच ना?’ हा उपाय मी लगेच वापरू शकतो. ओवी यांचे वाचून एक पुढचा प्रश्न पडला. माणसाची सेवा हीच देवाची पूजा, माणसातच देव पाहावा, असे आपण सतत ऐकतो. तसे असेल तर माणसांकडे नीट लक्ष दिले म्हणजे देवाकडे दिल्यासारखेच झाले. मग वेगळ्या प्रार्थनेचा आग्रह कशासाठी?

तळटीप यांचे उत्तर

हे वाक्य खरे आहे, पण ते फार लवकर वापरले जाते. ‘मी याच्यात देव पाहतो’ असे म्हणणारा पुष्कळदा त्या माणसाला पाहतच नाही; त्याच्यातून आरपार पलीकडे पाहतो. दुःखी माणसाला आपण कोणाच्या तरी पुण्याचे साधन झालो आहोत हे फार पटकन कळते. त्याला देव म्हणून वागवून घ्यायचे नसते. त्याचे कर्ज, त्याचा आजार, त्याचे भांडण कोणीतरी त्याचे म्हणून ऐकून घ्यावे एवढेच त्याला हवे असते. सिमोन वेइल या फ्रेंच विचारवंत बाईंनी 1942 मध्ये शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. त्यात शेजाऱ्यावरील संपूर्ण प्रेम म्हणजे त्याला ‘तुला काय सोसावे लागते आहे?’ एवढे विचारता येणे, असे त्या म्हणतात. आणि असे विचारता यायला दुःखी माणसाकडे एका विशिष्ट रीतीने पाहावे लागते: स्वतःच्या मनातले सारे बाजूला सारून, समोरचा जसा आहे तसा आत येऊ देणारे पाहणे. दुःखी माणसाला असे लक्ष देण्याची क्षमता अतिशय दुर्मीळ आहे हेही त्या बजावतात.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच निबंधात आहे. लक्ष देण्याची शक्ती एकच आहे असे वेइल मानतात, इतकी एक की भूमितीच्या न सुटलेल्या गणितावर मन लावून केलेली धडपडसुद्धा पुढे प्रार्थनेत आणि माणसांच्या बाबतीत उपयोगी पडते, असा त्यांचा दावा आहे. क्रमाचा प्रश्न त्यामुळे फारसा उरत नाही. जेथे संधी मिळेल तेथे ती वाढते.

वेगळ्या प्रार्थनेची गरज मला याच कारणाने वाटते. समोरचा माणूस काही ना काही प्रतिसाद देत असतो. तो आभार मानतो, रुसतो, आपली स्तुती करतो, आणि आपले लक्ष नकळत त्या मोबदल्यावर पोसले जाऊ लागते. प्रार्थनेत असे काहीच परत येत नाही. कित्येक दिवस नुसती शांतता असते आणि तरी बसावे लागते. मोबदल्याशिवाय लक्ष देण्याचा असा सराव दुसरीकडे कोठे होत असेल, असे मला दिसत नाही.

उलट बाजूनेही बंधन आहेच. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला सांगतात की सर्व भूतांमध्ये असलेल्या माझी उपेक्षा करून जो केवळ मूर्तीची पूजा करतो तो राखेत आहुती टाकतो. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातही डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येणार नाही, असे म्हटले आहे. म्हणजे प्रार्थना खरी आहे की नाही याची तपासणी माणसांसमोर होते, हे मला मान्य आहे. पण तपासणी होते म्हणून सराव सोडून द्यावा असे होत नाही.

एकतान

तळटीप यांच्या ‘आरपार पाहण्या’च्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र एक भर घालतो, नाहीतर देव आणि माणूस यांच्यात लक्षाची वाटणीच करायची आहे असा समज होईल. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतल्या रामकली रागातील एका पदात पतंग उडवणारा मुलगा येतो. तो सवंगड्यांशी बोलत असतो पण चित्त दोरीवर असते. पुढे घागरी घेऊन हसत, बोलत निघालेल्या मुली येतात, वासरात जीव ठेवून दूर चरणारी गाय येते, आणि पाळण्यातल्या बाळावर चित्त ठेवून घरात कामे करणारी आई येते. यांपैकी कोणाचेही हातातल्या गोष्टीकडे दुर्लक्ष नाही. मुली हसतात तेव्हा खरोखरच हसत असतात.

उंबरठा यांनी लिहिलेले विभागलेले मन आणि हे मन वरवर सारखे दिसतात, पण त्यांत फरक आहे. उत्तर जुळवणारे किंवा राहिलेल्या प्रार्थनेचा हिशेब करणारे मन समोरच्यापासून दूर पळत असते. नामदेवांच्या पदातले चित्त एका ठिकाणी बांधलेले आहे आणि म्हणूनच बाकी सर्व ठिकाणी मोकळे आहे. अर्थात हे सुरुवातीला साधत नाही. ज्याला अजून एक ओळ धरून ठेवता येत नाही त्याने बोलता बोलता नाम चालवण्याचा खटाटोप करू नये. त्यातून ऐकणेही जाते आणि नामही.

ओवी

शेवटच्या वाक्याला दुजोरा देते. कोणी बोलत असताना मनात जप चालू ठेवण्याचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी बोलणे फार कठीण जाते. उंबरठा, आपण तूर्त दोन्ही वेळा वेगळ्याच ठेवाव्यात. भेटीला कोणी आत येण्यापूर्वी क्षणभर थांबून एकदा नाव घ्यावे आणि मग ते सोडून द्यावे. त्यानंतरचा वेळ त्या माणसाचा. राहिलेल्या प्रार्थनेची आठवण मध्येच झाली तर ती कधी करणार हे तेव्हाच ठरवून टाकावे, म्हणजे ती आठवण पुन्हा पुन्हा येत नाही. आणि भेटणाऱ्यांची संख्या आपल्या हाती असेल तर ती थोडी कमी करता येते का, हेही एकदा पाहावे. दमलेल्या माणसाला कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही.